दोहोंतला कोणता, पुष्कळांतला कोणता

मालवणच्या किनाऱ्यावर होड्या परत आल्या, कीं मासळीचा लिलाव सुरू होतो. त्या गर्दींत कानावर येणारे शब्द नीट ऐकले, तर त्यांत उत्तरांपेक्षां प्रश्नच अधिक असतात असें आढळेल. कोणी टोपलीकडे बोट दाखवून विचारतो, "ह्यो कसलो?" दुसरा विचारतो, "ह्यो कोणाचो?" तिसरा नुसतें "खंयचो?" एवढेंच विचारतो. पहिल्याला माशाची जात हवी आहे. बांगडा कीं सुरमई, एवढें कळलें म्हणजे त्याचें काम झालें. दुसऱ्याला ती टोपली कोणाच्या होडींतून उतरली तें हवें आहे. तिसऱ्याचा प्रश्न मात्र जरा चमत्कारिक आहे. तो मासा कोठल्या पाण्यांतला, असेंही त्याला विचारावयाचें असेल. अथवा पुढें मांडलेल्या चार टोपल्यांपैकीं बोली चालली आहे ती कोणत्या टोपलीवर, असेंही विचारावयाचें असेल. शब्द एकच, प्रश्न मात्र दोन.

आज मला बोलावयाचें आहे तें ह्याच विषयावर. पुष्कळांतून एकाला वेगळें काढण्यासाठीं आपण जो प्रश्न विचारतों, त्या प्रश्नाचें व्याकरण. 'व्याकरण' हा शब्द ऐकतांच कित्येकांना शाळेंतला तास आठवेल आणि त्यांचा हात यंत्राच्या कळीकडे वळेल. त्यांस माझी विनंति एवढीच, कीं थोडा धीर धरावा. हा प्रश्न वरून जितका साधा दिसतो तितका तो साधा नाहीं. आणि सिंधुदुर्गांतल्या आम्हां लोकांना तर तो एका फार नाजुक ठिकाणीं येऊन भिडतो.

प्रथम आपल्या घरचे शब्द तपासून पाहूं. मराठींत प्रश्न विचारण्याचीं साधनें पुष्कळ आहेत. 'कोण' हें व्यक्तीविषयीं, 'काय' हें वस्तूविषयीं. दारावर थाप पडली, कीं आपण "कोण आहे?" म्हणतों, त्या वेळीं आपल्या डोळ्यांपुढें माणसांची कोणतीही ठरलेली यादी नसते. 'कोणता' ह्या शब्दाचें तसें नाहीं. "आंबा आणूं का?" असें विचारल्यावर "कोणता?" असा उलट प्रश्न आला, तर समजावें कीं समोर आंबे मांडलेले आहेत, निदान मनांत तरी मांडलेले आहेत, आणि त्यांतल्या एकावर बोट ठेवावयाचें आहे. "कसला?" असें विचारलें, तर बोट ठेवावयाचें नसून जात सांगावयाची आहे, देवगडचा हापूस कीं पायरी. "कुठला?" म्हटलें, तर उत्पत्तीचें स्थान पाहिजे. आणि "कितवा?" असें विचारलें, म्हणजे क्रम पाहिजे. हा 'कितवा' आपल्या भाषेचें एक भूषण आहे. तुमचा मुलगा वर्गांत कितवा आला, हें इंग्रजींत एका शब्दांत विचारतां येत नाहीं. तेथें प्रश्नाला वळसा घालून जावें लागतें. संस्कृतांत मात्र ह्याच अर्थाचा 'कतिथ' हा शब्द होता.

ह्या शब्दांच्या स्वभावांतही फरक आहे. 'कसला' हा शब्द रागाच्या आणि तिरस्काराच्या कामीं येतो. "कसला पाऊस नि कसलें काय!" असें म्हणणाऱ्या शेतकऱ्याला पावसाची जात विचारावयाची नसते, पाऊस पडलाच नाहीं, हें सांगावयाचें असतें. तेथें "कोणता पाऊस नि कोणतें काय" असें म्हणून पाहा. वाक्य लंगडें पडतें. कारण उघड आहे. 'कोणता' ह्या शब्दाला आधीं कांहींतरी अस्तित्वांत असावें लागतें. ज्यांतून निवड करावयाची तो समूह मान्य केल्यावांचून हा प्रश्न उभाच राहत नाहीं. ह्या बारकाव्यांत ज्यांना रस असेल त्यांनीं दादोबा पांडुरंग यांचें १८३६ सालचें व्याकरण आणि मोरो केशव दामले यांचें १९११ सालचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हे दोन ग्रंथ अवश्य चाळावे.

आतां ह्या 'कोणता'ची एक उणीव पाहूं. आपल्यापुढें दोन दरवाजे आहेत आणि आपण विचारतों, "कोणत्या दरवाजानें जाऊं?" पुढें दहा दरवाजे असले तरीही आपण तेंच विचारतों, "कोणत्या दरवाजानें जाऊं?" निवड दोहोंतून आहे कीं पुष्कळांतून आहे, हें 'कोणता' शब्द सांगत नाहीं. आपणांस ह्यांत कांहीं खटकत नाहीं, कारण आपले कान ह्याला सरावले आहेत. परंतु जगांत अशा भाषा आहेत, कीं ज्यांत दोहोंतला 'कोणता' निराळा आणि पुष्कळांतला 'कोणता' निराळा. आणि एकाच्या जागीं दुसरा घालणें ही सरळ सरळ चूक.

अशी एक भाषा फार दूरची आहे. युरोपच्या वायव्येस, उत्तर ध्रुववृत्ताला जवळ जवळ टेकलेल्या आइसलँड बेटावर ती बोलतात. हा देश १९४४ सालच्या १७ जूनला डेन्मार्कपासून वेगळा होऊन प्रजासत्ताक झाला. त्याची लोकसंख्या आजही चार लाखांच्या आंतच आहे. आमच्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत २०११ च्या शिरगणतींत ८,४९,६५१ माणसें मोजलीं गेलीं, म्हणजे त्या देशाच्या दुपटीहून अधिक. इतकी थोडी माणसें, पण भाषा जतन करण्याच्या बाबतींत मोठ्या निग्रहाचीं. सात-आठशें वर्षांपूर्वीं लिहिलेल्या त्यांच्या गद्यकथा तेथील आजचे वाचक फारसे अडखळल्यावांचून वाचतात.

ह्या भाषेंत 'कोणता' विचारण्यासाठीं मुख्यत्वेंकरून तीन शब्द आहेत. पहिला 'क्वोर'. हा फक्त दोहोंसाठीं. उजवा हात कीं डावा, थोरला भाऊ कीं धाकटा, दोन संघ खेळले त्यांतला कोणता जिंकला, तेथें 'क्वोर'च पाहिजे. दुसरा 'क्वेर'. हा तिहींसाठीं अथवा त्याहून अधिकांसाठीं. शिवाय 'कोण' ह्या अर्थींही हाच शब्द चालतो. हे दोन्ही शब्द लिंग, वचन आणि विभक्ति ह्यांप्रमाणें बदलतात. तिसरा 'क्वाथा', ह्याच्या मागून नाम येतें, जसें आपण 'कोणतें पुस्तक', 'कोणता रस्ता' म्हणतों तसें. ज्या भाषेंत बहुतेक शब्द पावलोपावलीं रूप बदलतात, तींत हा एक शब्द मात्र जसाच्या तसा राहतो. शिकणाऱ्याला तेवढाच विसांवा. आपल्या 'कसला' ह्या प्रश्नासाठीं त्यांच्याकडे दोन शब्दांचा निराळा प्रयोग आहे; त्याचा शब्दशः अर्थ 'कोणत्या प्रकारचा' असा होतो.

दोन आणि पुष्कळ ह्यांतील हा भेद तेथें प्रश्नापुरताच थांबत नाहीं. दोघेजण एकमेकांना भेटले आणि दहाजण एकमेकांना भेटले, ह्या दोन वाक्यांत आपण 'एकमेकांना' हा एकच शब्द वापरतों. त्यांना दोघांसाठीं 'क्वोर'पासून निघालेला प्रयोग लागतो आणि दहांसाठीं 'क्वेर'पासून निघालेला. 'दोहोंपैकीं कोणताही नाहीं' असें सांगण्यासही 'क्वोर'च्याच घराण्यांतला एक स्वतंत्र शब्द आहे. त्याची गोष्ट मी शेवटासाठीं राखून ठेवतों.

कोणी म्हणेल, त्या बर्फाळ बेटाचा आणि मालवणचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो मुंबईमार्गें आहे. रास्मुस रास्क नांवाचा एक डॅनिश भाषापंडित होऊन गेला. १७८७ सालीं जन्मलेल्या ह्या गृहस्थानें आइसलँडच्या भाषेचें व्याकरण १८११ सालीं प्रसिद्ध केलें, आणि मग त्या बेटावर दोन वर्षें काढलीं. १८१८ सालीं छापलेल्या आपल्या प्रबंधांत त्यानें ग्रीक व लॅटिन ह्या भाषांशीं उत्तरेकडील भाषांचें नातें वर्णांच्या नियमित फेरफारांवरून दाखवून दिलें. पुढें हाच गृहस्थ रशिया आणि इराण तुडवीत १८२० सालीं मुंबईस येऊन पोंचला. पारशी धर्मग्रंथांचीं हस्तलिखितें त्यानें मिळविलीं, सिंहलद्वीपाची वाट धरली, आणि १८२३ सालीं तो स्वदेशीं परतला. आइसलँडच्या व्याकरणावर पहिल्या प्रतीचें काम करणारा मनुष्य मुंबईच्या रस्त्यांतून हिंडत होता, ही कल्पनाच मोठी मौजेची आहे.

त्यानंतर सतरा वर्षांनीं, १८३७ सालीं, मालवणांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मास आले. १८७७ सालीं त्यांनीं मुंबईस विल्सन व्याख्यानमालेंत संस्कृतापासून आपल्या देशी भाषांपर्यंतचा प्रवास उलगडून दाखविला. म्हणजे रास्कनें उत्तरेकडील भाषांविषयीं जी दृष्टि वापरली, तीच शास्त्रीय दृष्टि आपल्या भाषांकडे वळविण्याचें काम मालवणच्या ह्या सुपुत्रानें केलें. शब्दाचें आजचें रूप घ्यावें, त्याच्या मागची पायरी शोधावी, तिच्या मागची शोधावी, आणि मध्यें कोठेंही कल्पनेची उडी मारूं नये, ही ती दृष्टि.

तीच दृष्टि आपण 'क्वोर'ला लावून पाहूं. ह्या शब्दाचा संस्कृतांतला सख्खा भाऊ 'कतर'. दोहोंतला कोणता, तो कतर. पुष्कळांतला कोणता, तो कतम. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत, ९२ आणि ९३ ह्या लागोपाठच्या सूत्रांत ह्या दोहोंची व्यवस्था लावून दिली आहे. उत्तरेकडील भाषांत मूळच्या 'क'चा 'ह' झाला, मधला 'त' झिजला आणि शेवटीं गळून गेला, असें करतां करतां 'कतर'च्या घराण्यांतून आइसलँडचा शब्द सिद्ध झाला. गंमत अशी, कीं तो आजही लिहितांना 'ह'नेंच लिहितात; परंतु बहुतेक लोक उच्चारतांना पुन्हां 'क'च म्हणतात. हजारों वर्षें भटकून तो वर्ण जणूं घरीं परतला. लॅटिनमधला ह्याच अर्थाचा शब्द 'उतेर'. आणि इंग्रजींतला 'व्हेदर' हाही मूळचा ह्याच कुळांतला. आज तो केवळ 'कीं नाहीं' अशा अर्थीं उरला आहे, परंतु बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांत, दोन मुलांच्या गोष्टींत, 'दोघांपैकीं कोणी बापाची इच्छा पाळली' असें विचारतांना तो जुन्या अर्थानें आलेला आहे.

आपल्या प्राचीन ग्रंथांत हे दोन शब्द किती जपून वापरलेले आहेत तें पाहण्यासारखें आहे. बृहदारण्यकोपनिषदाच्या चौथ्या अध्यायांत जनक राजा याज्ञवल्क्यास विचारतो, कीं मनुष्याला प्रकाश कोणाचा? सूर्य, चंद्र, अग्नि, वाणी असें एकेक मावळत जाऊन शेवटीं उत्तर येतें, आत्म्याचा. त्यावर जनक पुन्हां विचारतो, तो आत्मा कोणता? तेथें शब्द आहे 'कतम'. ज्याला आत्मा म्हणतां येईल असें पुष्कळ कांहीं आहे, त्यांतून एक दाखवा, असा त्याचा आशय. उलट भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अर्जुन जेव्हां म्हणतो, कीं आम्हीं त्यांना जिंकावें कीं त्यांनीं आम्हांस जिंकावें, ह्यांतलें श्रेयस्कर कोणतें तेंच कळत नाहीं, तेव्हां त्याच्या तोंडीं 'कतर' शब्द आहे. त्याच्यापुढें दोनच वाटा आहेत. निदान त्याला दोनच दिसतात. आणि भगवंतांनीं दिलेलें उत्तर नीट पाहिलें, तर तें त्या दोहोंपैकीं एकाच्या बाजूनें दिलेलें नाहींच. जय आणि पराजय सारखे मान आणि कर्तव्य कर, असें तें आहे. अर्जुनाचा प्रश्न 'कतर'चा होता. उत्तरानें ती दोहोंची चौकटच मोडून टाकली.

श्रोतेहो, एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विचारणारा जेव्हां 'दोहोंतला कोणता' असें विचारतो, तेव्हां तो नुसता प्रश्न करीत नाहीं. 'तिसरें कांहीं नाहीं' असें एक विधानही तो गुपचूप करून टाकतो. संस्कृतांत किंवा आइसलँडच्या भाषेंत हें विधान शब्दाच्या रूपावरच दिसून येतें. मराठींत तें दिसत नाहीं. आपला 'कोण' हा 'कः पुनः' ह्या संस्कृत शब्दांपासून, 'कवण' ह्या पायरीनें आला. ज्ञानेश्वरींत 'कवण' जागोजाग भेटतो. कतर आणि कतम हे दोघेही वाटेंत मागें राहिले. त्यांचें काम आपण 'पैकीं' आणि 'दोहोंतला' असे शब्द जोडून भागवितों. भाषेंत शब्द नाहीं म्हणून विचारच करतां येत नाहीं, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु जें शब्दांत दिसत नाहीं तें नजरेंतून निसटण्याचा संभव अधिक, एवढें खरें.

आतां मालवणीकडे येऊं. मालवणीला कुडाळी असेंही नांव आहे. हिच्यांत 'कोणता' ह्या अर्थीं 'खंयचो' हा शब्द चालतो. 'खंयचो, खंयची, खंयचे' अशीं त्याचीं रूपें होतात. 'खंय' म्हणजे कोठें, आणि 'चो' म्हणजे आपला षष्ठीचा 'चा'. तेव्हां 'खंयचो' म्हणजे मूळचा 'कोठचा'. कोंकणी भाषेंतही हाच शब्द ह्याच दोन अर्थांनीं वापरतात, आणि मराठींतला 'कुठला' हाही त्याच वाटेनें 'कोणता'च्या अर्थाकडे सरकला आहे. आइसलँडचा मनुष्य निवड करतांना वस्तूंची संख्या पाहतो. आमचा मालवणी मनुष्य निवड करतांना वस्तूचें ठिकाण विचारतो. कोठची आहे तें कळलें, म्हणजे कोणती आहे तें कळलेंच!

माणसांच्या बाबतींतही हाच न्याय. मुंबईच्या चाळींत दोन अनोळखी कोंकणी माणसें जिन्यांत समोरासमोर आलीं, कीं पहिला प्रश्न ठरलेला, "तुमी खंयचे?" नांवाची चौकशी मागाहून. गांव कळलें, कीं ओळख झाली. आमचीं आडनांवें तरी काय आहेत? मालवणकर, वेंगुर्लेकर, आचरेकर. हीं सारीं 'खंयचे?' ह्या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या दिलेलीं उत्तरेंच आहेत. आणि ह्या प्रश्नाचा एक मोठा गुण असा, कीं त्यांत यादी ठरलेली नसते. उत्तर म्हणून कोणतेंही गांव सांगतां येतें. विचारणाऱ्यानें तें कधीं ऐकलेलें नसलें तरी चालतें. किंबहुना तें कोठें आलें हें सांगण्यासाठींच मग पुढलें बोलणें वाढतें.

परंतु ह्याच माणसाला दुसरा एक प्रश्न विचारतात, आणि तेथें मात्र त्याची जीभ अडखळते. तो प्रश्न म्हणजे, "तुमची भाषा कोणती?"

हा अनुभव माझा स्वतःचा आहे. लहानपणीं गांव सोडून शिकण्यासाठीं मी शहरांत आलों. पहिल्याच आठवड्यांत वर्गांत कांहीं विचारलें असतां घरच्या संवयीनें माझ्या तोंडून 'मला'च्या ऐवजीं 'माका' असें निघून गेलें. मुलें हंसलीं. गुरुजी रागावले नाहींत, त्यांनीं केवळ कुतूहलानें विचारलें, "हें तुझें मराठी कीं कोंकणी?" मला उत्तर देतां येईना. आमच्या घरीं पोथी वाचीत ती मराठींत, पत्रें लिहीत तीं मराठींत, शाळेंतलीं पुस्तकें मराठी; आणि चुलीपाशीं आजी बोले तें हें असें. तें ह्याहून वेगळें असेल असें तोंवर मला कोणीं सांगितलेंच नव्हतें. मी गप्प बसलों. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ 'ह्याला आपली भाषा कोणती तेंही माहीत नाहीं' असा घेतला गेला. त्या दिवसापासून वर्गांत बोलतांना मी प्रत्येक शब्द आधीं मनांत तपासून पाहूं लागलों, आणि थोड्याच वर्षांत सुटीला गांवीं गेलों असतां आजीशीं बोलतांनाही तसाच तपासूं लागलों. ती एकदां म्हणाली, "तू आता पावण्यासारखो बोलतस." पाहुण्यासारखा! त्यापेक्षां तिनें रागें भरलें असतें तर बरें झालें असतें.

पुष्कळ वर्षांनीं, कतर आणि कतम ह्यांचा भेद वाचीत असतांना, गुरुजींचा तो प्रश्न मला आठवला आणि त्यांतली खोंच उमगली. तो प्रश्न 'कतर'चा होता. 'कीं' ह्या एका अक्षरानें त्यांनीं माझ्यापुढें दोन पेट्या मांडल्या होत्या, आणि माझ्या आजीची बोली दोहोंपैकीं एकींत बसविण्यास मला सांगितलें होतें.

थोरामोठ्यांनाही ही बसवणूक एकमतानें साधलेली नाहीं. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषापाहणीचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत कोंकणीच मराठीच्या पोटांत घातलेली आहे. पुढें १९७५ सालीं साहित्य अकादमीनें कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ सालीं ती गोव्याची राजभाषा झाली, आणि १९९२ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत तिचा समावेश झाला. शिरगणतीच्या कोष्टकांत जे आपली मातृभाषा मालवणी म्हणून सांगतात त्यांची गणना कोंकणीखालीं होते. उलट सिंधुदुर्गांतले बहुतेक लोक स्वतःला मराठी भाषकच म्हणवितात. १९८० सालीं रंगभूमीवर आलेलें गंगाराम गवाणकरांचें 'वस्त्रहरण' हें नाटक मालवणींत असूनही साऱ्या महाराष्ट्रानें तें आपलें मराठी नाटक म्हणूनच पाहिलें, आणि कोणालाही भाषांतर लागलें नाहीं. तेरेखोलची खाडी ओलांडून पलीकडे पेडण्यांत गेलें, तर तेथेंही 'माका' आणि 'तुका' ऐकूं येतें, 'खंयचो' ऐकूं येतो, आणि तेथील माणसालाही वाटतें, कीं हा आपल्याच घरचा बोलतो आहे. दोन्ही बाजूंचे पुरावे खरे आहेत. खाडीच्या पाण्यावर राज्याची सीमा आंखतां येते. बोलण्यावर तशी रेघ ओढतां येत नाहीं. देवगडाकडून सावंतवाडीकडे आणि तेथून पुढें गोव्यांत जातां जातां बोली गांवागणिक थोडथोडी बदलत जाते, आणि नेमकी कोणत्या गांवीं ती 'दुसरी' झाली, हें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं.

मग उत्तर काय द्यावें? येथें मघां राखून ठेवलेली गोष्ट सांगतों. व्याकरणांत आपण ज्याला नपुंसकलिंग म्हणतों, त्याला लॅटिनमध्यें नांव आहे 'न्यूटर'. हा शब्द मघां सांगितलेल्या 'उतेर'ला नकार जोडून झाला आहे. अर्थ, 'दोहोंपैकीं कोणतेंही नव्हे'. आइसलँडच्या व्याकरणांतही तेंच. तेथें ह्या लिंगाचें नांव 'क्वोर'च्या त्या नकारार्थी शब्दापासूनच बनविलें आहे. म्हणजे तीन लिंगें असलेल्या भाषांच्या व्याकरणकारांनीं पहिल्या दोहोंना स्वतःचीं नांवें दिलीं, आणि तिसऱ्याला मात्र 'हेंही नव्हे, तेंही नव्हे' एवढेंच म्हणून सोडून दिलें. आपला 'नपुंसक' शब्दही असाच नकारानेंच सुरू होतो. मात्र भाषेला विचाराल तर तिच्या लेखीं हें लिंग कोणत्याही प्रकारें उणें नाहीं. 'घर' आणि 'पाणी', 'मूल' आणि 'दूध' हे आपले जिव्हाळ्याचे शब्द त्यांतलेच आहेत. पहिल्यानें दोन पेट्या केल्या, म्हणून तिसऱ्याच्या वाट्याला नकार आला, एवढाच त्याचा अपराध.

आमच्या बोलीचें नेमकें असेंच होत आलें आहे. एका बाजूचे लोक म्हणतात, हें शुद्ध मराठी नव्हे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ही खरी कोंकणी नव्हे. आणि मधल्या मध्यें जें मूल 'माका' म्हणून बोलूं लागलें आहे, त्याच्या कानावर दोन्ही बाजूंनीं 'नव्हे' एवढेंच पडतें. मुलें नकाराची भाषा फार दिवस बोलत नाहींत. तीं ती टाकून देतात. मुंबई-पुण्याच्या किती कोंकणी घरांत आज आजी मालवणींत विचारते आणि नातवंडें पुस्तकी मराठींत अथवा इंग्रजींत उत्तर देतात, हें आपण सर्वजण जाणतां.

मराठी कीं कोंकणी, ह्या वादाचा निकाल लावण्यास मी आज येथें आलेलों नाहीं. तो माझा अधिकार नव्हे; आणि ज्यांनीं त्या वादांत आयुष्यें वेंचलीं त्यांच्याविषयीं मला आदर आहे. व्याकरणाचा एक सामान्य अभ्यासक म्हणून मला एवढेंच सुचवावयाचें आहे, कीं उत्तर देण्यापूर्वीं प्रश्न तपासावा. 'तुमची भाषा कोणती?' असें कोणीं विचारलें, तर हा 'कोणता' दोहोंतला आहे कीं पुष्कळांतला, हें मनाशीं ठरवून घ्यावें. सरकारी कागदावर एकच रकाना असेल तर जें आपल्या मनाला पटतें तें तेथें खुशाल लिहावें. कागदाला 'कतर'च कळतो. परंतु घरांत आणि शाळेंत मुलाला विचारतांना मात्र तिसऱ्याला, चौथ्याला जागा ठेवून विचारावें.

सिंधुदुर्ग किल्ला १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं कुरटे बेटावर बांधावयास घेतला. सभोंवतीं खारा समुद्र. परंतु आंत तीन विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत. लोकांनीं त्यांना नांवें दिलीं, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तिन्हींचें पाणी गोड, आणि नांवें तिन्हींना स्वतःचीं. 'पहिली नव्हे आणि दुसरीही नव्हे' असें म्हणून तिसरीला कोणी हांक मारीत नाहीं.

तेव्हां माझी विनंति शिक्षकांना आणि आईबापांना आहे. एखादें मूल 'माका' म्हणालें, तर "हें मराठी कीं कोंकणी?" असें त्याला विचारूं नका. त्याच्या आजीचाच प्रश्न त्याला विचारा, "तू खंयचो रे?" तें आपल्या गांवाचें नांव सांगेल. मग त्या गांवीं ह्याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, असें विचारीत जा. आणि जें सांगेल तें फळ्यावर पुस्तकी शब्दाच्या शेजारीं लिहा, खालीं नव्हे. एवढें केलेंत तर तें मूल मराठीही चांगलें शिकेल, आणि सुटींत आजीकडे गेल्यावर पाहुण्यासारखें बोलणार नाहीं.

माझी आजी आतां नाहीं. तिला उत्तर द्यावयाचें माझें राहून गेलें. तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं अजून कोणी 'खंयचो' म्हणणारें असेल, त्यांनीं हें भाषण संपल्यावर यंत्र बंद करून त्यांच्यापाशीं थोडा वेळ बसावें, आणि त्यांच्याच बोलींत बोलावें.